परमवीर चक्राची फ्रेम (मेजर राणे): मेडल ठीकठाक, पाटीने मात्र माणूस ४६ वर्षं आधीच मारून टाकला

आधी काय मागवलं ते सांगते म्हणजे गोंधळ नको. बारा बाय अठरा इंचाची फ्रेम, लाकडी दिसते पण लाकूड नाही, एमडीएफ आहे, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी. वर फोटो, खाली डावीकडे परमवीर चक्राची रेप्लिका रिबनसकट, उजवीकडे पितळी रंगाची पाटी आणि तिच्यावर माहिती कोरलेली. साईटवर एकवीसच्या एकवीस परमवीरांच्या अशा फ्रेम आहेत, नाव निवडा, पैसे भरा, घरपोच. ३,२०० रुपये अधिक कुरिअर. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही कारण नंतर बघितलं तर हीच फ्रेम हेच फोटो वेगवेगळ्या नावांनी विकतायत, माल बहुतेक एकाच कारखान्यातून निघत असावा, त्यामुळे कोणाकडूनही घेतलीत तरी खालचं वाचून घ्या.

घेतली कशाला तर आमची सोसायटी खडकीला, तिथलं छोटंसं वाचनालय माझ्याकडे आहे आणि निम्म्या घरांत कोणी ना कोणी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या, रस्ते-पूल करणाऱ्या लष्करी इंजिनिअरांच्या दलातून, रिटायर झालेलं. वाचनालयाची एक भिंत रिकामी होती, तिथे शिवाजी महाराज, आंबेडकर, सावित्रीबाई फुले आहेतच, शेजारी एखादा सॅपर हवा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मग नाव कोणाचं हा प्रश्नच नव्हता, सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. एप्रिलच्या ८ तारखेच्या आत हवी होती कारण त्या तारखेपासून चाललेल्या कामगिरीसाठीच त्यांना परमवीर मिळालंय. राणे म्हटलं की लोकांना राजकारणातले राणे आठवतात, आमच्या वॉचमनने पण पार्सल हातात देताना विचारलंच, मंत्री का म्हणून.

तर हे राणे कारवारचे. चेंडिया गावचे, जन्म २६ जून १९१८. वडील पोलिसात होते, बदल्या होत राहायच्या, त्यात शिक्षण झालं, आणि जुलै १९४० मध्ये दुसरं महायुद्ध चालू असताना सॅपर म्हणून भरती झाले. भरती कुठे तर बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे ह्याच बॉम्बे सॅपर्समध्ये, आमच्या खडकीलाच. ट्रेनिंगमध्ये बेस्ट रिक्रूट ठरले, मग ब्रह्मदेशात लढून आले, आणि १५ डिसेंबर १९४७ ला कमिशन मिळून ऑफिसर झाले. म्हणजे परमवीर मिळवणारी लढाई झाली तेव्हा ऑफिसर होऊन चार महिनेसुद्धा झाले नव्हते, पण फौजेत जवळजवळ आठ वर्षं काढलेली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण फोटोत आपण कोवळा सेकंड लेफ्टनंट बघतो आणि प्रत्यक्षात तो तिशीला टेकलेला, सुरुंग कोळून प्यायलेला माणूस असतो.

आता प्रॉडक्ट. पॅकिंग एक नंबर. थर्माकोलचे कोपरे, वर बबल रॅप, त्यावर जाड पुठ्ठा, कुरिअरवाल्याने फेकलं असतं तरी काही झालं नसतं. पुढे काच नाही, ॲक्रिलिक आहे, त्यावर दोन्हीकडून फिल्म असते ती काढायची, आमच्याकडे आतल्या बाजूची फिल्म तशीच राहिली होती आणि फोटो धुरकट का दिसतोय म्हणून सगळे डोळे चोळत होते. मागे हुक मजबूत आहेत, भिंतीवर सरळ बसते. इथपर्यंत पाच स्टार.

मेडलबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण पैसे त्याचेच आहेत. खरं परमवीर चक्र ब्राँझचं, गोल, व्यास एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच म्हणजे साधारण साडेतीन सेंटिमीटर, मधोमध छोट्या उठावावर राजमुद्रा आणि भोवती चार वज्रं, इंद्राची. मागच्या बाजूला हिंदी-इंग्रजीत नाव आणि मध्ये कमळं. रिबन साधी जांभळी, ३२ मिलिमीटर रुंद, पट्टे-बिट्टे काही नाही. आमच्याकडे आलेलं मेडल पट्टीने मोजलं तर चार सेंटिमीटर भरलं, ठीक आहे, फ्रेममध्ये उठून दिसावं म्हणून केलं असेल. वज्रं चारही आहेत आणि बऱ्यापैकी सुबक आहेत, राजमुद्रेच्या सिंहांची तोंडं मात्र विरघळलेल्या साबणासारखी. रिबन लालसर आली, मरूनकडे झुकणारी, ट्यूबलाइटखाली जांभळी भासते पण खिडकीपाशी नेली की कळतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मेडल मखमलीवर गोंदाने चिकटवून टाकलंय. खरं मेडल ज्या दांडीला अडकवतात ती फिरते, मागची बाजू बघता येते. इथे मागे कमळं कोरलीत की कोरा पत्रा आहे हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही, आणि मला तर तीच बाजू पोरांना दाखवायची होती.

कारण त्या डिझाइनची गोष्ट म्हणजे आपल्या घरातली गोष्ट आहे. सावित्रीबाई खानोलकर. मूळच्या स्वित्झर्लंडकडच्या, इव्ह का काहीतरी पहिलं नाव, विक्रम खानोलकर नावाच्या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथे आल्या त्या इथल्याच झाल्या, मराठी संस्कृत हिंदी शिकल्या, पुराणं वाचली. स्वातंत्र्यानंतर नवीन शौर्यपदकं करायची ठरली तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांनी ते काम ह्या बाईंना सांगितलं. दधीची ऋषींनी स्वतःची हाडं दिली आणि त्यातून इंद्राचं वज्र झालं, ती कथा त्यांनी मेडलवर आणली. आणि योगायोग बघा, पहिलं परमवीर ज्यांना मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा ह्याच बाईंच्या मुलीचे दीर. पाटीवर ह्यातलं एक अक्षर नाही. तीन ओळी घातल्या असत्या तरी चाललं असतं, जागा भरपूर आहे.

आता पाटीवर येते. राग तिथेच आहे.

पाटीवर छापलंय, जन्म २६ जून १९१८, वीरमरण ८ एप्रिल १९४८. खाली अमर ज्योत आणि उलटी रोवलेली बंदूक, तिच्या दस्त्यावर हेल्मेट. फोटोच्या मागे बर्फाचे डोंगर. आणि एका कोपऱ्यात बंदूक रोखून धावणाऱ्या जवानाची काळी आकृती.

मी ते वाचलं आणि गप्पच बसले, पण आमच्याकडे एक निवृत्त सुभेदार काका रोज पेपर वाचायला येतात, आयुष्यभर सॅपर, त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पाटी वाचली, परत वाचली आणि म्हणाले, "वहिनी, राणे साहेब गेले ते कमांड हॉस्पिटलात. आपल्या इथे, पुण्यात. चौऱ्याण्णव साली." मग बंदुकीच्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि हा कोण पळतोय? साहेब रस्ता मोकळा करत होते."

झालं. ह्या दोन वाक्यांत सगळा रिव्ह्यू आहे खरं तर, पण ज्यांना ती लढाई माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते, कारण ती कळल्याशिवाय फ्रेम किती चुकलीय ते कळणार नाही.

काश्मीरवरून पाकिस्तानशी पहिलं युद्ध चालू होतं, १९४८ च्या मार्चमध्ये जम्मू भागातलं झांगर परत घेतल्यावर पुढचं लक्ष्य राजौरी. नौशेराहून राजौरीला जाणारा रस्ता डोंगरातून, आणि तो रस्ता शत्रूने पार अडवून ठेवलेला, सुरुंग पेरलेले, चीडची म्हणजे पाइनची झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या उडवून दिलेल्या. रणगाडे आपल्याकडे होते पण रस्ताच नसेल तर रणगाडा काय उडणार आहे का. ८ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास राणे आपल्या माणसांना घेऊन रणगाड्यांपाशी थांबलेले, सुरुंग काढायला सुरुवात करायची एवढ्यात उखळी तोफांचा मारा आला, त्यांच्या तुकडीतले दोघं जागेवर गेले, पाच जखमी, त्या पाचात राणे स्वतः. त्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि कामाला लागले. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास बारवाली रिज हातात आली, शत्रू आजूबाजूला आहे हे माहीत असून हे पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी बाजूने वळणरस्ता काढायला घेतला, रात्री दहापर्यंत, मशीनगनच्या माऱ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत चालू, दुपारी तीनला वळणरस्ता तयार. मग पहिल्या गाडीत बसून पुढे, अर्धा मैल गेले तर झाडांचा अडथळा, उतरून सुरुंग लावून उडवला, तीनशे यार्ड पुढे पुन्हा तोच प्रकार, त्याच्या पुढे मोरी उडवलेली. अंधार पडायला लागला तेव्हा चीडची पाच मोठी झाडं आडवी, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. हे तिथेही हात घालायला निघालेले, पण रणगाड्यांच्या कमांडरने सगळ्यांना मुक्कामाला घेतलं.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्याच पाच झाडांपाशी. साडेसहाला रस्ता मोकळा. पुढचे हजार यार्ड नुसते अडथळे, ते साडेदहापर्यंत. दुपारी दोनला रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोहोचले, म्हणजे लढाईच्या भाषेत काम झालं, कोणीही पाठ टेकली असती. हा माणूस रात्री नऊपर्यंत न खाता न थांबता मागचा रस्ता नीट करत राहिला, कारण रणगाड्यांच्या मागून रसद यायची होती. आणि ११ तारखेला सकाळी सहाला परत. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता उघडला, मग त्याच्या पुढचा, रात्री दहापर्यंत. १२ ला आपलं सैन्य राजौरीत.

एक गोष्ट अशी पण सांगतात की एका ठिकाणी मारा इतका होता की उघड्यावर काम करणं शक्यच नव्हतं, तेव्हा राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि रणगाड्याबरोबर सरपटत गेले, थांब आणि चल अशा खुणांसाठी ड्रायव्हरपर्यंत दोऱ्या बांधलेल्या, एक ओढली की थांबायचं, दुसरी ओढली की चालायचं. आता मला सांगा, ज्याला चित्र काढायचंय त्याने हे सोडून बंदूक घेऊन पळणारा माणूस का काढावा? ह्यांनी चार दिवस जे केलं ते वाकून, गुडघ्यांवर, जमिनीकडे बघत केलंय. आणि बर्फ कुठला? तो भाग चीडच्या झाडांच्या डोंगरांचा, एप्रिल महिना, झाडंच तर अडथळा म्हणून पाडली होती. मागे बर्फ टाकलं की झालं काश्मीर, असा हिशोब असणार.

सुभेदार काकांनी अजून एक सांगितलं ते मला माहीत नव्हतं, की सुरुंग काढण्यासाठीच बॉम्बे सॅपर्सच्या अजून एका सेकंड लेफ्टनंटला राणेंच्या आधी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालाय, प्रेमिंद्र सिंग भगत, १९४१ साली आफ्रिकेत, इटालियन फौज मागे हटताना सुरुंग पेरत गेली होती आणि ह्यांनी चार दिवसात पंधरा सुरुंगक्षेत्रं साफ केली. ते पुढे लेफ्टनंट जनरल झाले. काकांचं म्हणणं असं की सॅपर लोकांचं शौर्य फोटोत येत नाही, कारण काम नीट झालं तर तिथे दिसायला फक्त रस्ता उरतो.

परत फ्रेमवर. मी विक्रेत्याला व्हॉट्सॲप केलं, फोटो पाठवले, तारखा चुकल्यात म्हणून लिहिलं. उत्तर लगेच आलं, तेवढ्याचे मार्क देते. उत्तर काय तर, मॅडम टेम्प्लेट फिक्स आहे, त्यात जन्म आणि वीरमरण असे दोनच कॉलम आहेत, आम्ही कामगिरीची तारीख दुसऱ्या कॉलममध्ये टाकतो. मी म्हटलं अहो पण ते त्यानंतर ४६ वर्षं जगले, मेजर म्हणून १९६८ ला रिटायर झाले, संसार केला, मुलं-बाळं झाली, ११ जुलै १९९४ ला गेले. त्यावर एक नमस्काराचा इमोजी आणि "ओके मॅडम, जय हिंद."

मग मी त्यांची साईट पुन्हा उघडून बाकीच्या फ्रेम बघितल्या. एकवीसपैकी चौदा परमवीर मरणोत्तर आहेत, त्यांच्या फ्रेमला ही उलटी बंदूक शोभते, काही म्हणणं नाही. उरलेले सात जण जिवंतपणी मेडल घेतलेले. करम सिंग, राणे, धनसिंग थापा, होशियार सिंग, बाना सिंग, योगेंद्र सिंग यादव, संजय कुमार. सातही जणांना तीच ज्योत आणि तीच उलटी बंदूक. अहो यादव आणि संजय कुमार कारगिलचे, टीव्हीवर मुलाखती देतात माणसं! आणि मेजर थापांचं तर अजूनच, १९६२ ला ते गेले असंच धरून परमवीर मरणोत्तर जाहीर झालं होतं आणि नंतर कळलं की ते चीनच्या कैदेत जिवंत आहेत. तेव्हा सरकारची चूक युद्धाच्या धामधुमीत झाली, ह्यांना आता काय धामधूम आहे?

मला खरं सांगायचं तर हे फक्त फ्रेमवाल्यांचं नाही. मी भाषणं ऐकते ना शाळांमधली, परमवीर म्हटलं की पुढचं वाक्य हमखास प्राण अर्पण केले. गेलेल्या माणसाला हार घालणं आपल्याला छान जमतं, पण कामगिरी करून, मेडल घेऊन, मग वीस वर्षं नोकरी करून, पेन्शन घेऊन पुण्यात म्हातारा झालेला शूर माणूस आठवायचा कसा ह्यासाठी आपल्याकडे साचाच नाही.

ज्यांना राणेंचं नीट स्मारक बघायचंय त्यांनी कारवारला जा. गोव्याहून सोपं पडतं, काणकोण सोडलं की काळी नदीचा पूल आणि कारवार, आणि समुद्रावर, टागोरांच्या नावाच्या किनाऱ्यावर, राणेंचा पुतळा आहे. शेजारीच चपळ ही नौदलाची जुनी क्षेपणास्त्र नौका, २००५ ला निवृत्त झालेली, ती किनाऱ्यावर आणून तिचं म्युझियम केलंय. आम्ही गेलो तेव्हा गर्दी बोटीवर, पोरं तिकडेच पळतात, आणि पुतळ्यापाशी फोटो काढणारे बरेच नुसतं मागे समुद्र यावा म्हणून उभे. पण पुतळा छान आहे, जागा मोकळी आहे, संध्याकाळी जा, नंतर कुठल्याही खानावळीत बांगडा खा. शिपिंग कॉर्पोरेशनने १९८४ ला एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं होतं, ते त्यांच्या हयातीत, आणि २०२३ ला अंदमानच्या एकवीस बेटांना परमवीरांची नावं दिली त्यात एक राणे बेट आहे. म्हणजे सरकारदरबारी आठवण चांगलीच आहे, भिंतीवरच्या फ्रेममध्ये तेवढा घोळ होतो.

आम्ही शेवटी काय केलं तर परत पाठवली नाही, कारण पाटी "पर्सनलाइज्ड" आहे म्हणून परत घेत नाहीत म्हणे (चूक त्यांची, पर्सनलाइज्ड आम्ही, वा!). आमच्या बाजारातल्या ट्रॉफीवाल्याकडून साडेचारशे रुपयात नवीन पाटी कोरून घेतली, त्याने मजकूर कागदावर लिहून घेतला, कोरायच्या आधी दाखवला, ऱ्हस्व-दीर्घ पण विचारलं. मजकूर सुभेदार काकांनी सांगितला, जन्म-मृत्यूच्या खऱ्या तारखा, राणेंची तुकडी म्हणजे ३७ असॉल्ट फील्ड कंपनी, नौशेरा-राजौरी रस्ता, ८ ते ११ एप्रिल. सावित्रीबाई खानोलकरांबद्दलची एक ओळ मी घुसवली. बर्फाच्या डोंगरांवर नौशेरा-राजौरी रस्त्याचा नकाशा प्रिंट काढून चिकटवला, आमच्या इथल्या दहावीतल्या मुलीने काढला, अडथळ्यांच्या जागी छोटी आडवी झाडं काढलीत. पोरं आता मेडल सोडून तेच बघतात, किती झाडं आहेत ते मोजतात. मेडल ट्रॉफीवाल्यानेच ब्लेडने हळूच सोडवलं आणि एका दांडीला लटकवलं, मागे कमळं आहेत, कोरा पत्रा नाही. हे विक्रेत्याच्या बाजूने लिहिते.

फोटोबद्दल राहिलं. मूळ कृष्णधवल फोटोला रंग भरलेत आणि चेहऱ्यावर तो गुळगुळीत फिल्टर मारलाय, तिशीचा फौजी कॉलेजकुमार दिसतो. त्यांना सांगितलं तर साधा कृष्णधवल प्रिंट वेगळा पाठवतात, जास्तीचे पैसे न घेता, आम्हाला पाठवला आणि कागद चांगला आहे. मागून घ्याच.

एकूण पाचपैकी अडीच. पॅकिंग आणि फ्रेमचे दीड, मेडलचा एक, पाटीला शून्य. मेजर शैतान सिंग, अरुण खेत्रपाल, विक्रम बत्रा ह्यांच्यापैकी कोणाची घेणार असाल तर तारखा तपासून खुशाल घ्या. वर लिहिलेल्या सात जणांपैकी कोणाची घेणार असाल तर ऑर्डर देतानाच पाटी कोरी पाठवा म्हणून सांगा, कोरी पाठवतात, मी आता विचारून घेतलंय. आणि मेडलला ब्रासो लावू नका, आमच्या मावशींनी उत्साहात एका कोपऱ्याला लावलं तर खालचा पांढरा पत्रा दिसायला लागला, नुसत्या कोरड्या फडक्याने पुसा.